ओट्यावरची मुलं आणि अंधाऱ्या खोलीतला मुनीम

गेल्या दिवाळीनंतर इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या आत्याला संध्याकाळी ओट्यावर मुलं दिसायला लागली. तीन-चार जणं, वीत-दीड वीत उंचीची, डोक्यावर जरीच्या टोप्या. येऊन बसतात, बोलत नाहीत, थोड्या वेळाने नाहीशी होतात. आत्याचं वय ८२. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, त्यामुळे समोर उभा असलेला सख्खा भाऊसुद्धा तिला आवाजावरून ओळखावा लागतो. आणि हिला टोपीची जर दिसते!

घरात व्हायचं ते झालं. कुणी वास्तू काढली, कुणी पितर. एकाने हळूच कपाळाशी बोट फिरवलं. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. आत्या दुपारभर पेंगली आणि मुलं दिवेलागणीला वेळेवर हजर. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला दोनच गोष्टी विचारल्या. मुलांचा आवाज येतो का? आणि ती खरी आहेत असं वाटतं का? आत्या म्हणाली, "छे हो! पहिल्या दिवशी फसले. मग दूधवाला त्यांच्यातून चालत आला." डॉक्टर हसले. "डोकं शाबूत आहे तुमचं. डोळ्यांकडून माल कमी येतोय, मेंदू पदरचं घालतोय."

हे 'पदरचं घालणं' माझ्या डोक्यातून जाईना. कमी दिसणाऱ्या माणसाला जास्त कसं दिसेल? वाचत गेले तेव्हा कळलं की आत्याचा मेंदू जे करतोय तेच तुमचा-माझा मेंदू दिवसभर करत असतो. आपलं पकडलं जात नाही, एवढंच.

आधी जीरावनची गोष्ट

थंडीत रात्री सराफ्यात, म्हणजे पेढ्या मिटल्यावर तिथेच भरणाऱ्या खाऊबाजारात, गराडूचा कंद खाल्लाय ना? तळलेल्या फोडी, वर लिंबू, वर तिखट जीरावन मसाला. दुसऱ्या-तिसऱ्या फोडीला जीभ भाजते. गंमत अशी की गराडू निवला तरी ती भाजतच राहते. थर्मामीटर लावला तर जीभ नेहमीइतकीच गरम निघेल. मग भाजतंय काय?

तोंडाच्या अस्तरात उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं असतात. त्यांच्यावर प्रथिनाची चिमुकली दारं असतात. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर ही दारं उघडतात, विद्युतभार असलेले कण आत शिरतात आणि मेंदूकडे बातमी निघते: भाजतंय! मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं याच दाराला किल्लीसारखं बसतं. आग कुठेच नसते, पण दार उघडलं की बातमी तीच जाते. पुदिन्यातलं मेंथॉल थंडीच्या दाराशी हाच खेळ करतं, म्हणून पेपरमिंटची गोळी 'गार' लागते. तापमान आणि स्पर्श ओळखणारी ही दारं शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ सालचं नोबेल मिळालं.

(जाता जाता: कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, दुधातल्या स्निग्धांशात विरघळतं. गराडूवर घट्ट दुधाळ इंदुरी शिकंजी पिणारा माणूस, त्याला माहीत असो-नसो, रसायनशास्त्र बरोबर करत असतो.)

बाहेरच्या जगातल्या गोष्टीचं पेशीतल्या विजेच्या ठोक्यांत रूपांतर करणं, एवढंच इंद्रियांचं काम. याला शास्त्रात 'संवेदी रूपांतरण' म्हणतात. शब्द एकदा सांगितला, आता विसरलात तरी चालेल. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी प्रकाशाचे ठोके करतात. आतल्या कानात शंखासारख्या नळीत प्रत्येकी सुमारे १५ हजार केसाळ पेशी असतात, त्या कंपनांचे ठोके करतात. नाकाच्या छतावर सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक वासाचे रेणू धरतात.

सगळ्या पावत्या एकाच कागदावर

आता खरा चक्रावणारा भाग. हे ठोके सगळे सारखेच असतात. लाल रंगाचा ठोका लाल नसतो, सनईचा ठोका सुरेल नसतो. प्रखर प्रकाश म्हणजे मोठा ठोका असंही नाही. ठोका तेवढाच, फक्त सेकंदाला जास्त पडतात.

सराफ्यातल्या जुन्या पेढीची कल्पना करा. मागच्या अंधाऱ्या खोलीत मुनीम बसलाय. तो कधी बाहेर येत नाही, त्याने गिऱ्हाईक पाहिलेलं नाही, दागिना पाहिलेला नाही. भिंतीतल्या झरोक्यांतून पावत्या आत पडतात, सगळ्या एकाच कागदाच्या, एकाच शाईच्या. पावती कुठल्या झरोक्यातून आली, किती भराभर आल्या, आणि एकाच वेळी दुसऱ्या झरोक्यांतून काय आलं, यावरून तो बाहेर काय चाललंय याची खातेवही लिहितो. तुमचा मेंदू हा तो मुनीम. कवटीत मिट्ट काळोख आहे. प्रकाशाचा कण तिथे पोचत नाही.

पटत नसेल तर डोळे मिटा आणि डोळ्याच्या कानाकडच्या कोपऱ्यावर पापणीवरूनच बोटाने अगदी हलकं दाबा. (डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी हे करू नये.) नाकाच्या बाजूला एक उजळ कड्यासारखा ठिपका दिसेल. प्रकाश नव्हता, दाब होता. पण पावती डोळ्याच्या झरोक्यातून आली, म्हणून मुनिमाने वहीत 'उजेड' लिहिला. आणि कानाकडे दाबलं तर ठिपका नाकाकडे का? कारण डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा उलटी पडते. पडद्याच्या त्या बाजूला उजेड पडला की वस्तू नाकाकडे असते, हा मुनिमाचा जन्माचा हिशेब. तो त्याने इथेही लावला.

डोळ्यातलं भोक

मुनिमाला पूर्ण बातमी मिळत असती तर प्रश्नच नव्हता. पण मिळत नाही. एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या १२ कोटींहून जास्त पेशी, आणि तिथून मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम १० ते १२ लाख. म्हणजे माल बांधताना डोळ्यातच बराचसा गाळला जातो. स्वच्छ, बारीक दिसणारा भाग तर हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढाच. आत्ता वाचताय त्या शब्दाच्या दोन ओळी खालचं अक्षर, नजर न हलवता, वाचून बघा.

त्यात भर म्हणजे चक्क एक भोक आहे. तंतूंची जुडी पडद्याला भेदून जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणारी पेशीच नाही. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका. डावा डोळा मिटा, उजव्याने फुलीकडेच बघा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका गायब होतो. मी हे केलं तेव्हा ठिपका गेल्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्या जागी काय होतं याचं. काळं भोक नव्हतं. पांढरा कागद होता! मग मी रेघांच्या वहीवर तोच प्रयोग केला, तर ठिपक्याच्या जागी रेघा सलग. मुनिमाने आजूबाजूचं बघून पदरचं घातलं होतं, आणि विचारलंसुद्धा नव्हतं.

आणखी एक, यात कागदही लागत नाही. आरशात आपल्याच डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे, पुन्हा डाव्याकडे. डोळे हललेले दिसणार नाहीत. शेजारी उभ्या माणसाला मात्र ते इकडून तिकडे पळताना स्पष्ट दिसतात. नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारते आणि प्रत्येक उडीतलं फरपटलेलं चित्र मेंदू कापून टाकतो.

साडी आत जांभळी, बाहेर राखाडी

शीतलामाता बाजारात साडी घेणाऱ्या प्रत्येक बाईला जे माहीत असतं ते प्रयोगशाळेत सिद्ध व्हायला बराच वेळ लागला. दुकानदार स्वतःच म्हणतो, "भाभीजी, बाहर उजाले में देख लो." कारण डोळ्यात येणारा प्रकाश हा दोन गोष्टींचा गुणाकार असतो: साडीचा रंग आणि वरच्या दिव्याचा रंग. मुनिमाच्या हातात फक्त गुणाकार येतो. कुठल्या दोन संख्यांचा, हे त्याने ओळखायचं. बारा म्हणजे तीन चोक की दोन साही?

तो दिव्याचा रंग अंदाजाने धरतो आणि हिशेबातून काढून टाकतो. म्हणून पांढरा सदरा सकाळच्या पिवळ्या उन्हातही पांढरा आणि सावलीतही पांढराच दिसतो. पण फोटोत आजूबाजूचे धागेदोरे कमी असले की प्रत्येकाचा मुनीम वेगळा दिवा धरतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका झग्याच्या फोटोवरून सगळ्या जगात भांडण झालं होतं ते याचमुळे. झगा सावलीत आहे असं धरणाऱ्या मेंदूला तो पांढरा-सोनेरी दिसला, पिवळ्या दिव्याखाली आहे असं धरणाऱ्याला निळा-काळा. प्रत्यक्षात तो निळा-काळा होता. तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर साडीच्या रंगावरून वाद झाला असेल तर दोन्ही पक्ष खरं बोलत होते.

एका इंद्रियाची पावती दुसऱ्याच्या पावतीलाही बदलते. १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी एक चित्रफीत दाखवली: ओठ 'गा' म्हणतायत, आवाज 'बा'चा आहे. बहुतेकांना ऐकू आलं 'दा', जे कुणी म्हटलंच नव्हतं. डोळे मिटले की पुन्हा 'बा'. चवीचंही तसंच. नाक चिमटीत धरून वेलदोडा चावा: किंचित तिखटपणा, बाकी काही नाही. चिमूट सोडा, आणि वेलदोडा प्रकट होतो. कोविडमध्ये ज्यांची 'चव' गेली त्यातल्या बहुतेकांचा गेला होता वास.

अंदाज करायची गरजच काय?

वेळ नाही म्हणून. डोळ्यावर पडलेल्या उजेडाचं आकलन व्हायला सेकंदाचा दहावा भाग तरी सहज जातो. होळकर स्टेडियममध्ये ताशी १४० किलोमीटरने आलेला चेंडू तेवढ्यात चार मीटर पुढे गेलेला असतो, आणि हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंतचा सगळा मामला अर्ध्या सेकंदाच्या आतला. 'नीट बघून' खेळणारा प्रत्येक फलंदाज बाद झाला असता. २००० साली फलंदाजांच्या नजरेचा माग काढणारा एक अभ्यास झाला. त्यात दिसलं की चेंडू सुटताच त्यांची नजर पुढे उडी मारून टप्पा पडेल तिथे आधीच जाऊन थांबते. चेंडू नंतर येतो.

एकोणिसाव्या शतकात हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने मेंदूच्या या कामाला नकळत केलेलं अनुमान म्हटलं होतं. आजचे बरेच संशोधक त्याच वाटेने एक पाऊल पुढे जातात: मेंदू पावत्यांची वाट बघत बसत नाही. तो वही आधीच लिहून ठेवतो आणि येणारी पावती जुळते का तेवढं तपासतो. जुळली तर पुढे चला. नाही जुळली तरच काम वाढतं. स्टेशनवरची खरखरती घोषणा आठवा. अवंतिका एक्स्प्रेसची वाट बघणाऱ्याला त्या खरखरीत 'अवंतिका' स्पष्ट ऐकू येतं, आणि त्याला सोडायला आलेल्याला नुसती खरखर. कान दोघांचे सारखेच.

"म्हणजे सगळी मायाच म्हणायची?"

हा प्रश्न आमच्या काकांनी लगेच विचारला, आणि जरा खुशीतच विचारला. नाही काका. अंदाज म्हणजे थाप नव्हे. चांगला मुनीम पन्नास वर्षांच्या अनुभवावर लिहितो आणि चुकला की पुढची पावती त्याला दुरुस्त करते. जिना आहे असं समजून पाय टाकला आणि पायरी नव्हती, तर काळजात जो धस्स होतो ना, ती दुरुस्तीच. आपण हात लावतो, मान वळवतो, जवळ जातो, दुसऱ्याला विचारतो. जग बाहेर आहेच; आपल्याकडे त्याचा थेट दरवाजा नाही, इतकंच.

"पण एकदा कळलं की फसणं थांबेल ना?"

थांबत नाही, आणि मला हे सगळ्यात जास्त खुपतं. दोन सारख्या लांबीच्या रेघा घ्या. एकीच्या दोन्ही टोकांना बाणाची टोकं आत वळवा, दुसरीच्या बाहेर फाकवा. दुसरी लांब दिसते. पट्टीने मोजा, सारखी. पट्टी उचला, पुन्हा लांब! १८८९ साली फ्रान्झ म्युलर-लायरने ही आकृती मांडली, तेव्हापासून ती माहीत असणारे प्राध्यापकही तिला तसेच फसतात. जाणणारा भाग वेगळा, बघणारा वेगळा, आणि दुसरा पहिल्याचं फारसं ऐकत नाही.

लक्ष देऊन बघणाऱ्यांचं तर आणखी वाईट. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शब्री यांनी लोकांना बास्केटबॉलच्या चित्रफितीतले पास मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाच्या वेषातलं एक माणूस आलं, छाती बडवून गेलं. जवळजवळ निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. चौकात धडक झाल्यावर गाडीवाला म्हणतो, "दिसलाच नाही हो तो!" त्यावर आपण "आंधळा आहेस का?" म्हणतो. तो खोटं बोलत नसेलही. मोटारी मोजणाऱ्या मुनिमाने सायकलची पावती बाजूला टाकली असू शकते. याने त्याची जबाबदारी कमी होत नाही, पण 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं' या साक्षीचं वजन मात्र मी तरी आता थोडं कमी धरते.

मुनीम शिकून येतो की इथे येऊन शिकतो?

१६८८ साली विल्यम मॉलिन्यू यांनी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक प्रश्न लिहून पाठवला. जन्मांध माणूस गोळा आणि ठोकळा हाताने ओळखतो. त्याला अचानक दिसू लागलं तर नुसतं बघून तो सांगू शकेल का, कुठला कुठला? सव्वातीनशे वर्षांनी त्याचं उत्तर आपल्या देशातल्या मुलांनी दिलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात जन्मापासून नजर नसलेल्या मुलांवर दिल्लीत उपचार झाले. त्यातल्या ८ ते १७ वयाच्या पाच मुलांना डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर लगेच तपासलं. हाताने चाचपलेली वस्तू डोळ्याने ओळखणं त्यांना जमेना. निकाल नाणेफेकीपेक्षा फारसा बरा नव्हता. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पण थोड्याच दिवसांत त्यांना ते जमायलाही लागलं.

म्हणजे सगळं शिकलेलंच? तसंही नाही. याच प्रकल्पातल्या दुसऱ्या मुलांना ती म्युलर-लायरची आकृती पट्टी निघाल्याबरोबर दाखवली, आणि तीही आपल्यासारखीच फसली. ज्यांनी आयुष्यात रेघ पाहिली नव्हती ती! मुनीम थोडा घरचा शिकून येतो, बाकी पेढीवर शिकतो.

पुन्हा ओट्यावर

आता आत्याच्या मुलांकडे. तिच्या पडद्याच्या मधल्या भागातून, म्हणजे जिथून सगळ्यात बारीक बातमी यायची तिथूनच, पावत्या जवळजवळ बंद झाल्यात. मुनीम मात्र जागा आहे आणि ८० वर्षांचा सराव हाताला आहे. दुरुस्त करायला पावती येत नाही, मग तो लिहितो ते वहीत तसंच राहतं. १७६० साली स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने यांनी आपल्या आजोबांची अशीच हकिकत लिहिली: नजर अधू, बुद्धी तल्लख, आणि खोलीत माणसं, पक्षी, इमारती. म्हणून या अवस्थेला 'शार्ल बोने सिंड्रोम' म्हणतात. १९९८ साली लंडनमध्ये अशा रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रणं झाली. चेहरे दिसणाऱ्यांत चेहरे ओळखणारा भाग, रंग दिसणाऱ्यांत रंगांचा भाग जागा झालेला आढळला. म्हणजे आत्या कल्पना करत नव्हती. मेंदूच्या लेखी ती बघतच होती.

तुमच्या घरात कुणाची नजर अधू असेल आणि त्यांना असं काही दिसत असेल, तर ते बहुधा सांगणार नाहीत. लोक वेडं म्हणतील ही भीती मोठी. तुम्हीच विचारा, सहज, चहा देताना. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आवाजही येत असतील, बोलण्यात गोंधळ असेल, ताप असेल, किंवा दिसतंय ते खरंच आहे असा हट्ट असेल, तर प्रकार वेगळा असू शकतो. तिथे फिजिशियनकडे जायला उशीर करू नका.

आत्याच्या डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि दोन साध्या गोष्टी सांगितल्या. मुलं अंधुक उजेडात येतात, तर दिवेलागणीच्या आधीच ओट्यावर चांगला दिवा लावा. आणि आली तर नजर डावी-उजवीकडे झरझर फिरवा. दोन्ही लागू पडलं. आता ओट्यावर मोठा दिवा आहे, बटण तिच्या हाताशी.

परवा संध्याकाळी गेले तेव्हा ओट्यावर अंधारच होता आणि आत्या पायरीकडे बघत बसली होती. मी बटणाकडे हात नेला तशी म्हणाली, "राहू दे गं जरा. आज टोप्या नव्या आहेत."